प्रवास किती धोक्याचा? बातम्यांतील भीती आणि वाटेवरचे वास्तव

२२ एप्रिल २०२५ रोजी काश्मीरमधील पहलगामजवळ बैसरनच्या कुरणात दहशतवाद्यांनी केलेल्या गोळीबारात २६ जण मृत्युमुखी पडले. त्यांत २५ पर्यटक होते आणि एक स्थानिक घोडेवाला. मृतांपैकी सहा जण महाराष्ट्रातील होते. उन्हाळी सुटीचा हंगाम नुकताच सुरू होत होता. सहल कंपन्यांकडे आरक्षण रद्द करणाऱ्यांची रीघ लागली, महाराष्ट्र शासनाने काश्मीरमध्ये अडकलेल्या पर्यटकांना परत आणण्यासाठी विशेष विमानांची सोय केली आणि जम्मू-काश्मीरच्या प्रशासनाने खोऱ्यातील ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळे बंद केली.

सहली रद्द करणाऱ्यांना घाबरट म्हणता येणार नाही. ७ ते १० मे या काळात भारत आणि पाकिस्तान यांच्यात लष्करी संघर्ष झाला आणि श्रीनगरसह उत्तर व पश्चिम भारतातील ३२ विमानतळ काही दिवस नागरी वाहतुकीसाठी बंद ठेवावे लागले. तथापि अशा प्रत्येक घटनेनंतर एक व्यापक प्रश्न पुढे येतो. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर आणि वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर जग जितके भयावह दिसते, तितके ते प्रवाशासाठी खरोखर आहे काय? संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगभरात आंतरराष्ट्रीय पर्यटकांची संख्या सुमारे १४० कोटी होती. त्याच वर्षी भारतातून परदेशी जाणाऱ्यांची संख्या ३ कोटींच्या वर गेली. यांतील बहुतेक सर्व जण फोटो काढून, खरेदी करून, क्वचित पोट बिघडवून घरी परतले. काहीही घडले नाही, ही बातमी होत नाही.

धोके काल्पनिक नाहीत. मात्र बातम्या त्यांच्याकडे ज्या दिशेने बोट दाखवतात, त्या दिशेला ते क्वचितच असतात, असे उपलब्ध माहितीवरून दिसते.

बातमीचे माप

माणूस धोक्याचा अंदाज कसा बांधतो, याचा अभ्यास मानसशास्त्रज्ञांनी गेली पन्नास वर्षे केला आहे. एखाद्या गोष्टीचे उदाहरण जितक्या चटकन आठवते, तितकी ती गोष्ट वारंवार घडत असावी असे मन गृहीत धरते, हे एमॉस ट्व्हर्स्की आणि डॅनियल काहनेमन यांनी १९७३ मध्ये मांडले. काय चटकन आठवते, हे अर्थातच काय पाहिले व वाचले यावर अवलंबून असते. १९७९ मध्ये अमेरिकेत दोन दैनिकांतील मृत्यूंच्या बातम्या मोजण्यात आल्या. रोगांनी मरणाऱ्यांची संख्या खून होणाऱ्यांच्या सुमारे शंभरपट होती, पण खुनांच्या बातम्या रोगांनी होणाऱ्या मृत्यूंच्या बातम्यांच्या सुमारे तिप्पट होत्या. यात संपादकांनी काही खोटे छापले होते असे नव्हे. छापलेली प्रत्येक बातमी खरी असूनही एकूण चित्र विपरीत होऊ शकते.

या विपरीत चित्राची किंमत काही वेळा प्राणांनी मोजावी लागते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत अनेकांनी विमानप्रवास टाळला आणि लांबचे अंतर मोटारीने कापण्यास सुरुवात केली. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेंझर यांनी त्या काळातील रस्ते अपघातांची आकडेवारी तपासली. हल्ल्यानंतरच्या बारा महिन्यांत या बदलामुळे रस्त्यांवर सुमारे १,५०० जण अधिक मरण पावले, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अपहरण केलेल्या चार विमानांत जितके लोक होते, त्यांच्या सुमारे सहापट ही संख्या होते. हे मृत्यू वर्षभर, वेगवेगळ्या राज्यांत, एकेक-दोनदोन करून झाले. त्यांच्यासाठी स्मारक उभारले गेले नाही, कारण ते कशाचे बळी आहेत हे त्यांच्या कुटुंबीयांनाही ठाऊक नव्हते.

विमानाची भीती आजही सर्वांत जुनी आणि सर्वांत चिवट आहे. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर काही क्षणांत कोसळले. विमानातील २४२ पैकी २४१ जण आणि जमिनीवरील १९ जण त्यात दगावले. ती दृश्ये पाहिलेल्या माणसाला आकडेवारी सांगणे काहीसे निष्ठुरपणाचे वाटते, तरीही ती सांगणे आवश्यक आहे. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या नोंदीनुसार २०२४ मध्ये जगभरात ४ कोटींहून अधिक उड्डाणे झाली. त्यांपैकी सात उड्डाणांत प्राणघातक अपघात झाले.

रस्ता आणि पाणी

आता दुसरा आकडा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतातील रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ लोक मरण पावले. दिवसाला सरासरी ४६० पडतात. म्हणजे अहमदाबादच्या त्या विमानात जितके प्रवासी व कर्मचारी दगावले, त्याच्या जवळजवळ दुप्पट माणसे देशाच्या रस्त्यांवर दररोज मरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालात जगभरातील रस्ते अपघातांतील वार्षिक मृत्यूंची संख्या सुमारे ११ लाख ९० हजार दिली आहे.

हे सर्व मृत प्रवासी किंवा पर्यटक नव्हते, हे खरे आहे. पण पर्यटकांपुरते पाहिले तरी क्रम फारसा बदलत नाही. अमेरिकेचे परराष्ट्र खाते आपल्या नागरिकांच्या परदेशातील अनैसर्गिक मृत्यूंची कारणांसह नोंद ठेवते आणि ती प्रसिद्ध करते. तिच्यात वाहन अपघात वर्षानुवर्षे अग्रभागी राहिले आहेत, बुडून होणारे मृत्यूही बरेच वर असतात. दहशतवादी कृत्यांचा वाटा बहुतेक वर्षी अत्यल्प असतो. याखेरीज वयस्क प्रवाशांमध्ये हृदयविकार हे मृत्यूचे मोठे कारण आहे. तो घरी असतानाही येऊ शकला असता, म्हणून त्याला कोणी प्रवासाचा धोका मानत नाही. वास्तविक अपुरी झोप, चढ-उतार, चुकलेली औषधे आणि जवळ रुग्णालय नसणे या प्रवासातीलच गोष्टी आहेत.

पाण्याचे तर विशेष आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख लोक बुडून मरण पावले. महाराष्ट्रात पावसाळा सुरू झाला की धबधबे, धरणे आणि कोकणातील किनारे गजबजतात आणि त्याबरोबरच बुडाल्याच्या बातम्या आतल्या पानांवर येऊ लागतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, तेव्हा त्याची चित्रफीत देशभर दाखवली गेली. चित्रफीत नसती तर ती कदाचित चार ओळींची बातमी ठरली असती. गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर प्रशिक्षित जीवरक्षक नेमण्यात आले आहेत. लाल बावटा लावलेल्या भागात पोहू नये, एवढी साधी सूचना ते दिवसभर देत असतात आणि ती मोडणाऱ्यांना पाण्यातून बाहेर काढत असतात. परदेशात सहलीला जाताना दहशतवादाची चौकशी करणारे कुटुंब घरापासून दोन तासांच्या अंतरावरील खडकाळ प्रवाहात मुलांसह उतरते, ही विसंगती सवयीची झाल्यामुळे तिच्याकडे लक्ष जात नाही.

चौदा जिल्हे आणि एक देश

भीतीचा दुसरा दोष असा की तिला नकाशा नीट वाचता येत नाही. याचे नेपाळइतके स्पष्ट उदाहरण दुसरे नसेल.

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळमध्ये झालेल्या भूकंपात सुमारे नऊ हजार लोक मृत्युमुखी पडले. लांगटांगचे गाव हिम आणि दगडमातीच्या लोंढ्याखाली गाडले गेले. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळावर हिमप्रपात कोसळून गिर्यारोहक मारले गेले. काठमांडूतील धरहरा मनोरा कोसळला. भारतीय वाहिन्यांचे प्रतिनिधी पहिल्या काही तासांतच तेथे पोहोचले आणि पुढे कित्येक दिवस तीच पडझड वेगवेगळ्या कोनांतून दाखवली जात राहिली. या वार्तांकनाचा सूर अनेक नेपाळी नागरिकांना इतका खटकला की मे महिन्यात भारतीय प्रसारमाध्यमांनी परत जावे, अशी मोहीमच सामाजिक माध्यमांवर सुरू झाली.

नेपाळमध्ये त्या वेळी ७५ जिल्हे होते. त्यांपैकी सर्वाधिक हानी झालेले जिल्हे १४ होते. पोखरा, चितवन, लुंबिनी ही पर्यटकांची नेहमीची ठिकाणे बव्हंशी सुरक्षित राहिली. अन्नपूर्णा भागातील पायवाटांची नंतर अभियंत्यांनी पाहणी केली, तेव्हा त्यांतील बहुतेक वाटा वापरण्याजोग्या असल्याचे आढळले. पण पडद्यावर मात्र पूर्ण देश पडलेला दिसत होता. २०१४ मध्ये नेपाळला ७ लाख ९० हजार परदेशी पर्यटक आले होते. २०१५ मध्ये ती संख्या ५ लाख ३९ हजारांवर आली. या घटीत त्या वर्षाच्या उत्तरार्धातील सीमेवरील कोंडीचाही भाग होता, तरीही पहिला आणि मोठा आघात भूकंपानंतरच्या महिन्यांचा होता. ज्या पोखऱ्यात भिंतीला तडाही गेला नव्हता, तेथील भारवाहक आणि लॉजमालक आपले घर शाबूत असूनही उत्पन्नाला मुकले. पुनर्बांधणीसाठी पैसा हवा असताना तो घेऊन येणारे पाहुणेच थांबले. २०१६ मध्ये संख्या पुन्हा ७ लाख ५३ हजारांवर गेली.

इबोलाच्या साथीतही हेच घडले. २०१४ मध्ये ही साथ पश्चिम आफ्रिकेतील गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या तीन देशांत मुख्यतः पसरली होती. परंतु सहली रद्द झाल्या त्या खंडाच्या दुसऱ्या टोकाच्या केनिया आणि टांझानियातील अभयारण्यांच्याही. लायबेरियाच्या राजधानीपासून नैरोबी पाच हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे, स्पेनची राजधानी माद्रिद त्याहून जवळ आहे. माद्रिदची सहल मात्र याच अंतराच्या हिशेबाने फारशी कोणी रद्द केली नाही.

भारत भीतीच्या नकाशावर आला तेव्हा

इतरांविषयी वाटणारी ही भीती भारताच्याही वाट्याला आली आहे. सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाला वर्ष होत असताना, ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात ग्रंथिक प्लेगचे रुग्ण आढळले आणि त्यानंतर काही आठवड्यांत सुरतमध्ये फुप्फुसाच्या प्लेगची साथ जाहीर झाली. सुरतमधून लाखो लोक मिळेल त्या गाडीने बाहेर पडले. मुंबईत औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिन दिसेनासे झाले. आखाती देशांसह अनेक देशांनी भारताकडे येणारी व भारतातून जाणारी विमाने थांबवली, भारतातून येणाऱ्या प्रवाशांची विमानतळांवर तपासणी सुरू झाली, मालही अडवण्यात आला. प्रवासावर निर्बंध घालण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने केलेली नव्हती. पुढे संघटनेच्या नोंदीत संशयित रुग्णांची संख्या ८७६ आणि मृतांची ५४ राहिली. ९० कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशात, सहज उपलब्ध असलेल्या औषधाने बरा होणारा हा रोग होता. पर्यटन आणि निर्यात यांचे झालेले नुकसान मात्र अब्जावधी रुपयांच्या घरात गेले.

२००२ चा प्रसंग वेगळ्या जातीचा होता. संसदेवरील हल्ल्यानंतर भारत व पाकिस्तानचे सैन्य सीमेवर समोरासमोर उभे होते. मे महिन्याच्या अखेरीस अमेरिका, ब्रिटन आणि अन्य देशांनी आपल्या नागरिकांना भारत सोडण्याचा सल्ला दिला. युद्ध झाले नाही. भारतात येणाऱ्या परदेशी पर्यटकांची संख्या २००१ मधील २५ लाख ४० हजारांवरून २००२ मध्ये २३ लाख ८० हजारांवर आली आणि २००३ मध्ये पुन्हा २७ लाख ३० हजारांवर पोहोचली. त्या सल्ल्यावर भारतात नाराजी व्यक्त झाली. परंतु अण्वस्त्रधारी देशांच्या सेना सज्ज असताना दिलेल्या सूचनेला केवळ युद्ध टळले म्हणून चूक म्हणणे योग्य नव्हे. दीव, मदुराई किंवा गोवा यांनाही तीच सूचना लागू व्हावी काय, एवढाच आक्षेप घेता येतो.

सूचना कोण देते, कशासाठी

सरकारी प्रवास सूचना अशा सरसकट का असतात, याचे कारण त्या देणाऱ्यांच्या स्थितीत आहे. सूचना जरुरीपेक्षा कडक दिली आणि काही घडले नाही, तर अधिकाऱ्याला कोणी जाब विचारत नाही. सौम्य दिली आणि एखादा नागरिक मारला गेला, तर चौकशी होते. त्यामुळे सूचना वाढवणे सोपे आणि मागे घेणे अवघड होते. ऑक्टोबर २०१५ मध्ये शर्म अल शेखहून निघालेल्या रशियन विमानात स्फोट होऊन २२४ जण ठार झाल्यानंतर ब्रिटनने आपल्या विमान कंपन्यांची तेथील उड्डाणे थांबवली. ती बंदी ऑक्टोबर २०१९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ चार वर्षे टिकली. शिवाय या सूचनांचा विम्याशी संबंध असतो. ब्रिटिश सरकारने जेथे जाऊ नये असे सांगितले आहे, तेथे गेलेल्या प्रवाशाचा विमा बहुधा लागू होत नाही. साहजिकच सहल कंपन्याही तेथून अंग काढून घेतात.

अमेरिकेने जानेवारी २०१८ पासून देशांची चार पातळ्यांत विभागणी सुरू केली. २०२५ मध्ये भारत दुसऱ्या पातळीवर, म्हणजे अधिक सावधगिरी बाळगावी या वर्गात होता. त्याच पातळीवर फ्रान्स, जर्मनी आणि ब्रिटनही होते. अमेरिकेने भारताला धोक्याच्या यादीत टाकले, एवढेच सांगणाऱ्या बातमीत हा शेजार सहसा दिलेला नसतो.

तरीसुद्धा प्रत्येक सूचना अतिरंजित समजणे महागात पडू शकते. कीव्ह येथील भारतीय वकिलातीने १५ फेब्रुवारी २०२२ रोजी, विशेषतः विद्यार्थ्यांना, मुक्काम अत्यावश्यक नसल्यास युक्रेन तात्पुरते सोडण्याचा विचार करावा असे कळवले होते. वर्ग बुडतील, विमानाचे भाडे परवडत नाही, वातावरण तर शांत दिसते, अशा अनेक कारणांनी हजारो विद्यार्थी तेथेच राहिले. नऊ दिवसांनी युद्ध सुरू झाले. सुमारे साडेबावीस हजार भारतीयांना परत आणावे लागले आणि खारकीव्हमधील तोफमाऱ्यात एका भारतीय विद्यार्थ्याचा मृत्यू झाला. या सूचनेत कोणाला, कोठून आणि कशासाठी निघायचे हे स्पष्ट होते. वाचणाऱ्याने सूचनेचा रंग पाहण्यापेक्षा हे तपशील पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

आणखी एक मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. वर दिलेले सर्व आकडे सरासरीचे आहेत आणि सरासरी माणूस प्रवासाला निघत नाही. एकट्या स्त्रीला रात्रीच्या बसस्थानकावर जे सावधपण बाळगावे लागते, त्याची तिच्याबरोबरच्या पुरुष प्रवाशाला कल्पनाही नसते. छेडछाड आणि पाठलाग यांच्या बऱ्याच तक्रारी नोंदवल्याच जात नाहीत. प्रवासी पुढच्या गावी जायचा असतो, पोलीस ठाण्यात दोन दिवस घालवण्याची त्याची तयारी नसते. त्यामुळे कागदावर सुरक्षित दिसणारे ठिकाण सर्वांना सारखेच सुरक्षित असते असे नाही. या बाबतीत प्रसारमाध्यमांनी आरडाओरड केल्याचा उपयोगच झाला आहे. गर्दीच्या व्यवस्थेबाबतही तसेच म्हणता येईल. जानेवारी २००५ मध्ये साताऱ्याजवळ मांढरदेवी येथे चेंगराचेंगरीत अडीचशेहून अधिक भाविकांचा मृत्यू झाला. यात्रेतील अरुंद वाटा आणि सुटकेचे मार्ग हे विषय त्यानंतरच महाराष्ट्रात गांभीर्याने चर्चिले गेले.

प्रवासाला निघणाऱ्याच्या दृष्टीने मग विचारायचे प्रश्न बदलतात. देश सुरक्षित आहे काय, याला उत्तर नसते. घटना कोणत्या जिल्ह्यात घडली, जायचे ठिकाण तेथून किती किलोमीटर आहे, त्यानंतर किती दिवस उलटले, स्थानिक प्रशासनाने काय खुले ठेवले आहे, याला उत्तर असते आणि ते बहुधा एका दूरध्वनीत मिळते. उरलेली चौकशी कमी थरारक पण अधिक कामाची आहे. चालक रात्रभर गाडी चालवून आलेला आहे काय? घाटातील टप्पा उजेडी पार होणार आहे काय? लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. विमानाने थेट तेथे उतरणाऱ्याने पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी, असे डॉक्टर सांगतात. चार दिवसांच्या सहलीत हे दोन दिवस वाया गेले असे वाटून अनेक जण पहिल्याच दुपारी खिंडीकडे निघतात आणि डोकेदुखी, उलट्या व धाप लागून संध्याकाळी रुग्णालयात पोहोचतात.

मोटारीच्या मागील आसनावर बसणाऱ्यांसाठीही पट्टा बांधण्याचा नियम देशात फार पूर्वीपासून आहे, तो पाळणारे फारच थोडे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात मुंबई-अहमदाबाद महामार्गावर उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्या शेजारचे सहप्रवासी मागील आसनावर बसलेले असताना मोटार पुलाच्या कठड्यावर आदळून मरण पावले. दोघांनीही पट्टा बांधलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. त्यानंतर मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून मागील प्रवाशांसाठीही पट्ट्याची सक्ती अमलात आणण्याचे जाहीर केले.